यंत्राला नाव ठेवताना

१.
अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर नवा सर्व्हर उभा केला की त्याचं नाव सहसा असं असतं : आधी 'आयपी', मग हायफननं जोडलेले चार आकडे. म्हणजे खासगी पत्ताच. असे सहा सर्व्हर झाले की कोणता कुठला, ते लक्षात राहत नाही.

२.
'होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम', पुढे नवं नाव. झालं. प्रॉम्प्टवर मात्र नवं शेल उघडेपर्यंत जुनंच.

३.
लगेच सुडोची तक्रार : या होस्टचा पत्ता लागत नाही. नाव बदललं, पण होस्ट्स फाइलला कुणी सांगितलं नाही. डेबियनमध्ये त्यासाठी १२७.०.१.१ ची ओळ असते. तिथं पूर्ण नाव आधी, छोटं मागून. क्रम उलटला तर 'होस्टनेम -एफ' विचारल्यावर छोटंच नाव मिळतं.

४.
रीबूट केला आणि जुनं नाव परत आलं. हे क्लाउड-इनिटचं काम. त्याच्या फाइलीत 'प्रिझर्व्ह_होस्टनेम : ट्रू' लिहायचं. त्या शब्दात अंडरस्कोर आहे. होस्टनेममध्ये तो चालत नाही.

५.
आमच्याकडे सर्व्हरांना किल्ल्यांची नावं होती. एक राजगड, एक रायगड. रोमन लिपीत फरक एका अक्षराचा : 'जे' आणि 'आय'. एकावर चाचणी चालायची, दुसऱ्यावर ग्राहकांचा डेटाबेस. रात्री दीड वाजता मी चुकीच्या गडावर डेटाबेस बंद केला. अकरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी चाचणीच्या सर्व्हरचं नाव तोरणा केलं.

६.
१९९० साली डॉन लिब्स यांनी आरएफसी ११७८ लिहिला. विषय एवढाच, संगणकाला नाव काय द्यावं. स्वतःचं देऊ नका, प्रकल्पाचं देऊ नका. प्रकल्प संपतो, यंत्र दुसऱ्या कामाला लागतं. आठच पानं आहेत. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हीच वाचायला देतो.

७.
डीएनएस १९८३ चं. त्याआधी अख्ख्या आर्पानेटची नावं एका फाइलीत मावत. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं.
होस्ट्स फाइल आजही प्रत्येक सर्व्हरवर आहे, आणि बहुतेक लिनक्सवर डीएनएसच्या आधी तिलाच विचारलं जातं.

८.
मेल सर्व्हरचं नाव नीट लावलं, तरी पत्रं स्पॅममध्ये. नावावरून आयपी शोधण्याची नोंद आपल्या हातात असते. आयपीवरून नाव शोधण्याची नोंद आयपी ज्याचा, त्याच्या हातात. होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमध्ये जाऊन ती भरली.

९.
क्लोन केलेल्या सर्व्हरचं नाव बदललं, 'मशीन-आयडी' बदलायचा राहिला. डीएचसीपीनं दोघांना एकच पत्ता दिला.

१०.
गेल्या वर्षी मिटवलेल्या एका सर्व्हरची डीएनएसमधली नोंद आज सापडली. तो आयपी आता भलत्याच कुणाकडे आहे. आपल्या नावानं हाक मारली की तिथून ओ येते. नोंद काढली. बाकीच्या तपासतो आहे.