अकरा महिन्यांचं वर्ष

कर्जतमध्ये भाड्याने राहणाऱ्यांचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. १ जुलैला घरात शिरलात तर करार ३१ मेला संपतो. पुढचा ३० एप्रिलला, त्याच्या पुढचा ३१ मार्चला. दर खेपेला शेवटची तारीख एक महिना अलीकडे सरकते आणि तिच्यासोबत एजंटचा फोनही सरकतो. "ताई, अ‍ॅग्रीमेंट संपतंय. रिन्यू करायचं ना?"

२०२२ च्या जुलैपासून आम्ही तिघी एका टू बीएचकेमध्ये राहत होतो. मी खोपोलीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. दुसरी नेरळला शिकवायला जायची. तिसरी नर्स, कल्याणच्या ड्युटीसाठी पहाटेची लोकल पकडायची. भाडं १२,०००, डिपॉझिट ३६,०००. म्हणजे प्रत्येकीचे महिन्याला ४,००० आणि मालकिणीकडे अडकलेले १२,०००. घरात शिरताना एजंटला एक महिन्याचं भाडं दिलं होतं आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नव्हती. 'फॅमिलीच पाहिजे' म्हणणाऱ्या तीन सोसायट्या आम्ही बघून आलो होतो. चौथ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना त्याने दोन संध्याकाळी बसून पटवलं. ते काम होतं.

२०२३ च्या मे महिन्यात त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. रिन्यूअल ब्रोकरेज ६,०००. अ‍ॅग्रीमेंट ४,५००. नाव बदली २,०००. पोलीस व्हेरिफिकेशन १,०००. एकूण १३,५००.

नाव बदलायचं होतं, कारण नर्सला पुण्यात नोकरी लागली होती. तिच्या जागी माणगावची एक मुलगी येणार होती. ती आम्हीच शोधली होती, नेरळवालीच्या ओळखीतून. एजंटने तिला पाहिलंही नव्हतं.

१३,५०० भागिले तीन केलं तर प्रत्येकी ४,५०० होतात. ज्या घरात आम्ही आधीच राहतोय, तिथेच राहण्यासाठी एका महिन्याच्या भाड्याहून जास्त. आणि भागायचे तरी कोणी? नर्स म्हणाली, मी निघालेय, मी का देऊ? बरोबर होतं. माणगाववाली म्हणाली, मी फक्त एका खोलीतल्या अर्ध्या जागेसाठी येतेय, तुमच्या रिन्यूअलचे पैसे माझ्यावर का? तेही बरोबर होतं. नेरळवालीचा पगार दोन महिने रखडलेला होता. शिवाय नर्सला तिचे डिपॉझिटचे १२,००० जाण्याआधी हवे होते, पुण्यातल्या खोलीचं डिपॉझिट भरायला. एजंटचं म्हणणं, डिपॉझिट घर पूर्ण रिकामं झाल्यावरच मिळतं, मध्ये नाही.

अकरा महिने एकमेकींचे डबे भरून देणाऱ्या तिघी त्या आठवड्यात घरात हिशोबाच्या भाषेत बोलत होत्या. कोणी कोणाचं दूध किती वेळा वापरलं, इथपर्यंत गोष्ट आली. मला १३,५०० पेक्षा त्याची जास्त भीती वाटली. पैसे मागणारा बाहेर होता आणि भांडण घरात चाललं होतं.

म्हणून मी एका रविवारी बसून त्या मेसेजमधली एकेक ओळ तपासली. ही ओळ नेमकी कशाचे पैसे मागते?

आधी अ‍ॅग्रीमेंटचे ४,५००. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स कराराची स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के असते. कराराच्या मुदतीतलं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. आमचे अकरा महिन्यांचे १,३२,००० आणि व्याजाचे ३,३००. त्याचे पाव टक्का म्हणजे ३४० च्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. दोन्ही मिळून चौदाशेच्या आत-बाहेर. वर ऑनलाइन दस्त हाताळणीचं शुल्क आणि अंगठे घ्यायला घरी येणाऱ्याची मजुरी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर हा करार घरबसल्या करता येतो. आधार, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम आणि साक्षीदार लागतात.

मग पोलीस व्हेरिफिकेशनचे १,०००. भाडेकरूची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मालकाला स्वतः भरता येते. त्यासाठी एजंट लागत नाही.

उरले ब्रोकरेजचे ६,०००. याला मला कुठेच आधार सापडेना. जमीन-फ्लॅटच्या विक्रीतल्या एजंटांना रेराखाली नोंदणी करावी लागते, पण त्या कायद्यातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरतीच आहे. भाड्याचा एजंट त्यात येत नाही. त्याची दलाली म्हणजे रिवाज. आणि रिवाज म्हणजे आधीच्या माणसाने न विचारता जे दिलं ते.

पण मला खरी उत्सुकता होती ती अकरा या आकड्याची. सगळी गंमत तिथेच होती. दर अकरा महिन्यांनी करार संपतो, म्हणून दर अकरा महिन्यांनी कोणीतरी पैसे मागू शकतो. अकराच का?

१९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणी टाळायची तर बारा महिन्यांच्या आत राहायचं, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट कधीच बंद झाली आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नुसत्या नोटरीने हे भागत नाही.

म्हणजे अकरा महिने ठेवून वाचत काहीच नाही. नोंदणी तर करायचीच आहे. आणि लीव्ह अँड लायसन्सचा करार साठ महिन्यांपर्यंत त्याच पाव टक्क्यात होतो. तेहतीस महिन्यांचा एकच करार केला तर नोंदणी फी एकदा, अंगठे एकदा, आणि 'रिन्यू करायचं ना' हा फोनही एकदाच.

हे एजंटला सांगून उपयोग नव्हता. मालकिणीशी बोलायला हवं होतं. त्या डोंबिवलीला राहतात. कर्जत-नेरळच्या कितीतरी फ्लॅटांची हीच कहाणी आहे. मुंबई-ठाण्याच्या लोकांनी डोंगर, हिरवळ आणि 'सेकंड होम'ची जाहिरात बघून घर घेतलं, चार पावसाळे आले, मग येणं कमी झालं. किल्ली एजंटकडे. भाडेकरू आणि मालक एकमेकांना करार करताना पंधरा मिनिटं भेटतात आणि मग अकरा महिने मध्ये एजंट असतो. त्याची ताकद कायद्यातून येत नाही, या अंतरातून येते. आमच्याकडे काकूंचा नंबर तर होता. दर महिन्याला त्याच नंबरवर यूपीआयने भाडं जात होतं. त्या नंबरवर फोन मात्र कोणी केला नव्हता.

मी केला.

"काकू, कर्जतच्या फ्लॅटमधून बोलतेय."

"अगं, पाणी गळतंय का कुठे?" त्यांचा पहिला प्रश्न.

पाणी गळत नव्हतं. मी रिन्यूअलचं बोलले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण माझ्याकडूनही त्यांनी सहा हजार सांगितलेत."

म्हणजे कोणी घर शोधलं नव्हतं, कोणी भाडेकरू आणला नव्हता, आणि १२,००० ची दलाली ठरली होती.

तेहतीस महिने म्हटल्यावर मात्र काकू बिचकल्या. "नको गं बाई. आमच्या सासऱ्यांची गिरगावातली खोली अशीच गेली. ठेवायला दिली, आणि तो माणूस भाडेकरूच होऊन बसला."

ही भीती खोटी नाही. मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लोक लायसन्सवर घरात राहत होते, त्यांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. अनेक कुटुंबांच्या खोल्या तेव्हा कायमच्या हातातून गेल्या. पन्नास वर्षं झाली, पण ती गोष्ट घराघरांत जिवंत आहे आणि अकरा महिन्यांचा आकडा तिच्यावर जगतो. आज कायदा वेगळा आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपली की लायसन्सवाल्याला घर सोडावंच लागतं. नाही सोडलं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि घर रिकामं होईपर्यंत दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मुदत अकरा महिने असो की तेहतीस, हे संरक्षण तेवढंच. मी ते कलम काकूंना पाठवलं. त्यांनी ते त्यांच्या मुलाला दाखवलं. तीन दिवसांनी फोन आला, "चालेल. पण भाडं वाढवायचं."

ठरलं ते असं. दर अकरा महिन्यांनी ५०० रुपये वाढ. पहिले सहा महिने लॉक-इन, मग एक महिन्याची नोटीस, दोन्ही बाजूंनी. आणि एक अट आम्ही आग्रहाने घातली. तिघींपैकी एक निघाली तर काकूंच्या लेखी संमतीने दुसरी येऊ शकते. येणारी मुलगी डिपॉझिटचा हिस्सा थेट जाणारीला देईल, आणि नावाचा कागद बदलण्याचा जो सरकारी खर्च असेल तेवढाच भरेल. भिंतींना पावसात धरलेल्या बुरशीचे पैसे जाणारीच्या हिश्शातून कापायचे नाहीत, कारण कर्जतच्या पावसात ती कोणाच्याही भिंतीला धरते. घराचे फोटो काढून काकूंना पाठवले.

माणगाववालीने नर्सला १२,००० पाठवले. नर्सने पुण्याची खोली पक्की केली आणि जाताना कुकर आम्हाला ठेवून गेली.

एजंट घरी आला तेव्हा चिडलेला नव्हता. सोफ्याच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "ताई, मग माझं काय?" प्रश्न प्रामाणिक होता. जवळच्याच गावातला माणूस. भाताच्या खाचरांत प्लॉट पडले आणि शेती करणाऱ्या घरांत एजंट तयार झाले, त्यातला एक. कोणत्या बिल्डिंगला मेमध्ये टँकर येतो, कोणता सेक्रेटरी मुलींना त्रास देतो, हे त्याला माहीत असतं आणि ते कुठल्याही अ‍ॅपवर नसतं. त्या माहितीचे आम्ही १२,००० दिले होते आणि पुन्हा घर शोधायचं झालं तर पुन्हा देऊ. अंगठ्याचं मशीनही त्याच्याकडेच होतं. करार त्यानेच भरून दिला, १,००० घेतले. तेहतीस महिन्यांची स्टॅम्प ड्युटी १,१०० च्या आसपास, नोंदणी १,०००, सगळं धरून साडेतीन हजारांच्या आत. अर्धे काकूंचे, अर्धे आमचे. प्रत्येकीला सहाशेहून कमी.

जर्मनीत १ जून २०१५ पासून नियम आहे की भाड्याच्या घराच्या एजंटला ज्याने कामाला लावलं, त्यानेच पैसे द्यायचे. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून भाडेकरूकडून रिन्यूअल फी घेण्यावर बंदी आहे. आणि एकत्र राहणाऱ्यांपैकी कोणी बदललं तर नाव बदलण्याचे सर्वसाधारणपणे ५० पौंडांपेक्षा जास्त मागता येत नाहीत. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला आणि त्यात घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत ठेवलं. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. तोवर आपल्या हातात कायद्यापेक्षा एक प्रश्न आहे: हे पैसे कोणत्या कामाचे? कामाचं नाव सांगता आलं तर पैसे द्यावेत. 'पद्धत आहे' एवढंच उत्तर आलं तर मालकाला फोन लावावा. बऱ्याचदा तोही दुसऱ्या टोकाला तेच पैसे भरत असतो.

पुढच्या वर्षी नेरळवालीचं लग्न ठरलं. तिच्या जागी खोपोलीच्या माझ्याच कंपनीतली एक मुलगी आली. काकूंचं संमतीचं पत्र, १२,००० चा यूपीआय, भिंतींचे नवे फोटो, बदलाच्या कागदावर सगळ्यांचे अंगठे. एका शनिवारी दुपारी सुरू केलं आणि दिवेलागणीपर्यंत झालं. नेरळवाली त्या रात्री जेवायला थांबली आणि दुधाचा विषय कोणीच काढला नाही.