अडवलं, पण मी आहे कुठे?

मागच्या महिन्यात मी कराटेच्या ब्राऊन बेल्टच्या परीक्षेत नापास झालो. वय वर्षं ३६. माझ्याबरोबर दहावीतला एक मुलगा होता, तो पास झाला. जाताना म्हणतो, "काका, नेक्स्ट टाइम नक्की!" (काका!!)

गंमत म्हणजे माझा एकही ब्लॉक चुकला नव्हता. समोरचा उजवा पाय पुढे टाकत तोंडावर उजवा ठोसा मारतो, मी मागे सरकून डाव्या हाताने आगे-उके करतो, म्हणजे हात खालून वर नेऊन ठोसा उडवतो. झकास. आणि नेमका तिथेच थांबतो. बायकोने मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ नंतर चारदा पाहिला. ब्लॉक झाला की मी चक्क स्वतःच्या हाताकडे बघतोय! तेवढ्यात त्या पोराचा डावा हात माझ्या बरगडीत. पुढचे दहा दिवस शिंकलो की डोळ्यांत पाणी.

"अडवतोस छान," सर म्हणाले, "पण अडवल्यावर उभा कुठे असतोस?"

मग त्यांनी त्या मुलाला ठोसा तसाच धरून ठेवायला सांगितलं आणि मला त्याच्याभोवती फिरवलं. सरळ मागे गेलो तर मी अजून त्याच्या रेषेतच, आणि त्याचा डावा हात कमरेपाशी तयार. उजवीकडे सरकलो तर आणखी वाईट, दोन्ही हातांच्या मधोमध. पण डावीकडे अर्धं पाऊल तिरका गेलो, की मी त्याच्या उजव्या हाताच्या बाहेर. आता डावा हात माझ्यापर्यंत आणायचा तर त्याला आधी अख्खं अंग वळवायला हवं, आणि त्याची बरगडी माझ्यासमोर उघडी. ब्लॉक तोच. फरक अर्ध्या पावलाचा.

वर्षानुवर्षं गोहोन कुमिते केल्याचा हा परिणाम, असं आपलं माझं मत. पाच ठोसे, पाच पावलं सरळ मागे, मग एक प्रतिहल्ला. पाय तेच शिकले. केंडोत तर फटका नेमका बसला तरी नंतरचा सावधपणा, म्हणजे झानशिन, दिसला नाही तर गुणच धरत नाहीत. मी मात्र ब्लॉक लागला की तिकीट क्लोज केल्यासारखा मोकळा!

असो. काल पुन्हा सराव. ठोसा आला, ब्लॉक, डावीकडे तिरका... जमलं! आणि पाठ धाडकन भिंतीवर.

"कुठे आहेस?" सर.

"भिंतीला टेकलोय, सर."

"आणि तो?"

तो हसत होता. हॉलच्या मधोमध, मोकळ्या जागेत.