मालट्रक शिकताना

ट्रक ड्रायव्हर हा आपल्या समाजात जितका लागतो तितकाच नकोसा असलेला माणूस आहे. साखर, सिमेंट, औषधे, फार काय, ज्या उत्तरपत्रिकांवर आपण पदवीपर्यंत पोचतो तो कागदसुद्धा तोच आणून टाकतो. पण “पुढे काय करणार?” या प्रश्नाला वर्गात कोणी “ट्रक चालवणार” असे उत्तर दिले, तर सर हसतात आणि पुढच्या बाकाकडे वळतात. मी हे उत्तर घरी दिले. दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, “स्टेअरिंगच धरायचे होते तर बी.कॉम.ची तीन वर्षांची फी कशाला भरायला लावलीस?”

त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण माझ्यापुढे प्रश्न वेगळा होता. देवासला माझे मामा आहेत. त्यांचे दोन मालट्रक आहेत, एक सहाचाकी आणि एक दहाचाकी. त्यांचा मुलगा परदेशी गेला तो परत येईलसे दिसत नाही. चांगला ड्रायव्हर मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही. गाड्या विकाव्यात की ठेवाव्यात, या विवंचनेत ते होते. त्यांनी मला लिहिले, “सहा आठवडे ये. आधी शीक, मग हो किंवा नाही सांग. न शिकता हो म्हणू नकोस.”

देवास म्हणजे पवारांचे गाव. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने होती. पवारांचीच दुसरी गादी धारची. त्यामुळे माळव्यात मराठी घरे पुष्कळ. मात्र तिथल्या मराठीला हिंदीचा पाण लागलेला. मामी “चहा घे” म्हणत नाहीत, “चहा पिऊन घे” म्हणतात. आपल्याकडच्या वाचकांना देवास ठाऊक असते ते कुमार गंधर्वांमुळे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा कानडी मुलगा १९४८ साली आजारपणात देवासची कोरडी हवा घ्यायला गेला आणि १९९२ साली निधन होईपर्यंत तिथलाच झाला. आणखी एक नाते मला तिथे गेल्यावर कळले. देवासवरून जाणारा जुना आग्रा-मुंबई रस्ता आता त्या भागात राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे. हाच ५२ क्रमांक पुढे धुळ्यावरून सोलापूर, विजापूर, हुबळी करीत अंकोल्याला समुद्र गाठतो. म्हणजे मामांच्या दारातला रस्ता आणि आमच्या सोलापुरातला रस्ता कागदावर तरी एकच.

शिकाऊ परवाना मी सोलापुरातच काढून नेला होता. मालवाहू गाडीसाठी वय वीस पूर्ण लागते आणि हलक्या गाडीचा परवाना निदान एक वर्ष जुना लागतो. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याचीही अट होती, ती २०१९ साली काढून टाकली. घरी मी हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, “बघ, आठवीसुद्धा लागत नाही.”

मामांचे जुने ड्रायव्हर हेच माझे गुरू. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही म्हणू लागलो. माळवी माणूस, बोलणे कमी. वयाच्या चौदाव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढले, पाच वर्षे काचा पुसल्या, दोर आवळले, रात्री टायरपाशी झोपले, तेव्हा कुठे त्यांच्या उस्तादांनी त्यांना मोकळ्या माळावर स्टेअरिंग दिले. आपल्या देशातले बहुतेक ट्रक ड्रायव्हर असेच तयार झाले. त्यांचे विद्यापीठ म्हणजे कॅबिनची डावी बाजू. मला तिथे पाच वर्षे बसवायला वेळ नव्हता, म्हणून उस्तादांनी ती पाच वर्षे एका आठवड्यात बसवली. पहिले सहा दिवस त्यांनी मला किल्लीला हात लावू दिला नाही.

सकाळी गाडीभोवती एक फेरी. हातात लोखंडी टामी. तिने प्रत्येक टायर ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. भरलेला टायर टणकन बोलतो, हवा कमी असलेला भद्द बोलतो. दहाचाकीत मागे टायरांच्या जोड्या असतात. आतला बसला तर बाहेरचा त्याचे ओझे मुकाट्याने उचलतो, तापतो आणि मग फुटतो. डोळ्यांना हे दिसत नाही, कानाला कळते. मग पाटे, मग चाकांचे नट, मग खाली वाकून कुठे तेल ठिबकते का ते पाहायचे. शेवटी इंजिन चालू करून हवेच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत थांबायचे. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवा भरली नसेल तर गाडी हलवायचीच नाही. “पहले हवा, फिर भगवान,” उस्ताद म्हणत. देवासच्या टेकडीवरच्या देवींना हात जोडल्याशिवाय ते गाव सोडत नसत. पण हात जोडत ते काटा पाहून झाल्यावर.

चालवायला लागल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की ट्रकला ताकद लागत नाही. आता स्टेअरिंग पॉवरचे आहे, गिअरही पूर्वीसारखे दोनदा क्लच मारून टाकावे लागत नाहीत. लागतो तो धीर. मोटारसायकलवर आपण दहा पावलांपुढचे पाहतो. ट्रकमध्ये पुढचे अर्धे फर्लांग पाहावे लागते, कारण आत्ता घेतलेला निर्णय गाडी थोड्या वेळाने अमलात आणते. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. म्हणून डावीकडे वळायचे तर आधी सरळ पुढे जायचे आणि उशिरा वळायचे. नेमक्या त्या मोकळ्या जागेत स्कूटरवाले घुसतात. आरशात ते काही क्षण दिसतात आणि मग दिसेनासे होतात. ट्रकच्या डाव्या कुशीत उभा राहून हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी वरच्या सीटवर बसवून आरसा दाखवावा, असे मला फार वाटते. त्याला आपली जागा रिकामी दिसेल.

चौथ्या आठवड्यात मामांच्या एका स्नेह्यांच्या आवारात मला ट्रेलर पाहायला मिळाला, तिकडे त्याला ट्रॉला म्हणतात. पुढे घोडा आणि मागे खिळीवर टेकलेले लांबलचक धड. हा मागे घेणे ही वेगळीच विद्या आहे. धड उजवीकडे न्यायचे तर स्टेअरिंग आधी डावीकडे, आणि धड वळू लागले रे लागले की लगेच त्याच्या मागे घोडा सरळ करायचा. उशीर झाला तर दोघे चाकूसारखे मिटतात. उस्तादांनी हे जमिनीवर काडेपेटी आणि काडी ठेवून दाखवले. मला मात्र आपल्याकडचे साखर कारखान्यांचे आवार आठवले. गळिताच्या हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने मागे रेटणारी आपली पोरे भूमितीची कुठलीही पायरी न लिहिता हे गणित रोज सोडवतात. त्यांच्याकडे मी यापुढे वेगळ्या नजरेने पाहीन.

धारला आम्ही माल उतरवायला गेलो. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, हे इतिहासाच्या पेपरात लिहिलेले होते. पण उस्तादांनी मला किल्ल्याऐवजी लाट मशिदीपाशी नेले. तिथे ओट्यावर एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे आडवे ठेवले आहेत. सगळे मिळून लांबी तेरा मीटरांच्या वर आणि वजन अंदाजे सात टन, म्हणजे दिल्लीच्या प्रसिद्ध स्तंभाहून जास्त. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की गुजरातच्या सुलतानाला माळवा जिंकल्यावर हा स्तंभ गुजरातला न्यायचा होता. उतरवताना कामगारांनी काळजी घेतली नाही, तो पडला आणि मोडला. उस्तादांना जहांगीर माहीत नव्हता, पण गोष्ट पक्की माहीत होती. ते म्हणाले, “देखो भानजे, सात टन माल, एक गाडीसुद्धा भरत नाही. आणि बांधता आला नाही म्हणून पाचशे वर्षे इथे पडून आहे.” मग परत गाडीपाशी येऊन त्यांनी मला ताडपत्रीचे दोर सोडायला आणि पुन्हा बांधायला लावले, तीनदा.

आता वजनाविषयी. २०१८ साली सरकारने मालट्रकांची वजनमर्यादा वाढवली. तीन आसांच्या गाडीला, म्हणजे मामांच्या दहाचाकीसारख्या गाडीला, गाडीसकट २५ टनांची मर्यादा होती ती २८.५ टन झाली. हा आकडा मी वाणिज्याच्या विद्यार्थ्याप्रमाणे भाड्याच्या हिशेबात वाचला होता. उस्तादांनी तो उताराच्या हिशेबात वाचायला शिकवला. भौतिकशास्त्राच्या मित्राला विचारून मी गणित करून पाहिले: २८.५ टनांची गाडी शंभर मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती जवळजवळ नव्वद लिटर साधे पाणी उकळीला आणण्याइतकी असते. ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये ओतली तर ड्रम तापून फुगतो, लायनर गुळगुळीत होते आणि पाय दाबूनही पकड येत नाही. “ब्रेक फेल” म्हणून वर्तमानपत्रात जे छापून येते त्यात पुष्कळदा काही तुटलेले नसते, फक्त तापलेले असते.

आणि माळव्याचे पठार संपते ते उतारावरच. इंदूरहून मुंबईकडे निघाले की मानपूर ओलांडून गाडी निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात उतरते. धार जिल्ह्यातला गणपती घाट या वाटेवर आहे. राऊ ते खलघाट हा चौपदरी रस्ता झाल्यानंतर हा उतार फार कुप्रसिद्ध झाला. ब्रेक न लागलेले ट्रक पुढच्या गाड्यांवर किंवा दुभाजक ओलांडून समोरच्यांवर जात, पेट घेत. किती घरे त्यात उद्ध्वस्त झाली. शेवटी कमी उताराचा नवा रस्ता काढून तो २०२४ च्या अखेरीस खुला करावा लागला. रस्ता सुधारला हे उत्तमच झाले. पण डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करायची जी खोड आहे, तिला नवा रस्ता काय करणार? न्यूट्रलमध्ये इंजिन गाडी धरून ठेवत नाही. शिवाय ते मंद फिरते, त्यामुळे हवा भरणारा कंप्रेसरही मंद फिरतो, आणि इकडे पाय सारखा ब्रेकवर. वाचते ते थोडेसे डिझेल.

ही गोष्ट परीक्षेत कोणी विचारत नाही. परवान्याची चाचणी साधारणपणे रिकाम्या गाडीवर, सपाट जागेत होते. म्हणजे पोहण्याची परीक्षा कोरड्या हौदात. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांसाठी जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठरवला, हे चांगले पाऊल आहे. अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून नोंदणीकृत संस्थेत शिकल्याखेरीज जड वाहनाची चाचणी देता येत नाही, आणि तिथली कम्युनिटी कॉलेजे हे शिक्षण देतात. कॉलेजात, वेल्डिंग आणि नर्सिंगच्या वर्गांशेजारी! आपल्याकडे पदवी आणि ट्रक एकत्र आले की बातमी होते. मूळच्या नंदुरबारच्या, भोपाळला संसार थाटलेल्या योगिता रघुवंशी यांनी वाणिज्य आणि कायदा शिकून, पतीच्या निधनानंतर ट्रक चालवून मुले वाढवली. त्यांचे कौतुक झाले ते योग्यच. पण त्या कौतुकात थोडे आश्चर्यही होते, की शिकलेले माणूस इथे कसे?

वडिलांना हे सगळे मी पत्राने कळवले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले: “रोज किती तास चालवायचे असते? झोप कुठे घेतात?” प्रश्न अचूक होता. १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास लिहिले होते. रस्त्यावर ते कोण मोजतो? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित कॅबिन सक्तीची झाली, पण मामांच्या गाड्या जुन्या आहेत. मी मामांना सांगितले की दहाचाकी ठेवू या, सहाचाकी विकून टाका, आणि रात्री दहा ते पाच गाडी उभी राहील असे भाडे मिळेल तेवढेच घेऊ. मामा म्हणाले, “अशाने नफा होत नाही.” मी वहीत हिशेब करून दाखवला. नफा होतो, कमी होतो. मामांनी वही ठेवून घेतली.

शेवटच्या आठवड्यात पिथमपूरहून भरलेली गाडी निघाली. उस्ताद चालवत होते, मी डावीकडे. उताराआधी त्यांनी गाडी कडेला घेतली, काटा पाहिला आणि ज्या गिअरमध्ये हा घाट चढलो असतो तोच गिअर टाकला. मग खाली येईपर्यंत तो बदलला नाही. इंजिन गुरगुरत होते. मागून हॉर्न, शिव्या, डिपर. एक रिकामा टेंपो आम्हाला ओलांडताना क्लीनरने हात नाचवून चेष्टा केली. उस्तादांचा पाय ब्रेकवर मोजून सहा वेळा गेला, मी बोटांवर मोजले. खलघाटला नर्मदेच्या अलीकडे गाडी थांबली. ते उतरले आणि एकेका चाकाच्या मध्याजवळ, न टेकवता, हाताची उलटी बाजू धरत गेले. मग मला बोलावून माझा हात तिथे धरला. कोमट होते. “चाय,” ते म्हणाले, आणि मी ताडपत्रीचे दोर तपासायला मागे गेलो.