बेअरिंगची शर्यत

गॅरेजात राबणाऱ्या पोरांना ना मैदान असतं, ना सुट्टी. म्हणून आम्ही हत्यारांशीच खेळायचो.

उस्ताद जोहरच्या नमाजेला गेले की शर्यत लागायची. निकामी बेअरिंग डिझेलमध्ये धुवायचं, स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर अडकवायचं आणि कॉम्प्रेसरच्या गनने बाहेरच्या कड्यावर हवा मारायची. शिट्टीसारखा आवाज चढला की अलगद फरशीवर टेकवायचं. ज्याचं आधी शटरला धडकलं तो जिंकला. हरणाऱ्याने चहा आणायचा.

एकदा उस्ताद लवकर परतले. हात उगारला नाही. भुवईवरचा जुना व्रण दाखवत म्हणाले, "बेटा, ये वजन उठाने के लिए बना है, हवा में नाचने के लिए नहीं." ग्रीसशिवाय, ओझ्याशिवाय हवेनं भलताच वेग चढतो. आतली जाळी तुटली की छर्रे गोळीसारखे सुटतात.

बेअरिंगवर कोरलेले आकडे हीच आमची पाटी. 6204 च्या शेवटच्या 04 ला पाचाने गुणलं की आतल्या भोकाचं माप, 20 मिलिमीटर. 6205 चं 25. 6203 मात्र हिशेबाबाहेरचं, 17 चं. शाळेत अर्धवट राहिलेला पाचाचा पाढा आम्ही असा पुरा केला.

सच्चर समितीने 2006 मध्ये लिहिलं, की 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा गळाली. त्या चारातला एक आमच्या ओळखीचा होता. तो आम्हीच होतो.

2009 मध्ये शिक्षण हक्काचा कायदा झाला. 2016 मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. पण धोक्याचा नसलेल्या घरच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर मदत चालते, आणि कायद्याच्या त्या 'घरात' मामा-काकाही येतात. मोहल्ल्यात प्रत्येक उस्ताद कुणाचा तरी मामू असतोच! शाळा कधी सुटली, धंदा धोक्याचा की बिनधोक्याचा, हे विचारायला ऑइलनं माखलेल्या त्या फरशीवर कोण येतं?

उस्तादांनी आम्हाला हुनर दिलं, पोटाला दिलं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बेअरिंगवरचे चार आकडे वाचून माप सांगणारं पोरगं पुस्तकही वाचू शकलं असतं, एवढं तरी समाजाने मान्य करावं. आमच्या मोहल्ल्यानेही.