जीव धरणं

आठवीत असताना आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा फळ्यावर पाच शब्द एकाखाली एक लिहिले. फ्लरिश, थ्राइव्ह, प्रॉस्पर, बर्जन आणि ब्लूम. पुढं भला मोठा महिरपी कंस काढला आणि पाचांना मिळून एकच मराठी अर्थ दिला : भरभराट होणे. "पाठ करा, परीक्षेत येणार," म्हणाले आणि खुर्चीत बसले. साल १९७०. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव, नुसती ज्वारी पिकवणारं. भरभराट हा शब्द आम्ही फक्त लग्नपत्रिकेत आणि दुकानाच्या पाटीवर वाचलेला.

अक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. गावच्या शाळेत सातवीला पहिली आली आणि तिथंच तिची शाळा संपली. हायस्कूल दोन कोसांवर, आणि ती उफाड्याची. एका पावसाळ्यात ती आईच्या डोक्याच्या वर गेली. बायका आईला म्हणायच्या, "पोर एरंडावाणी वाढलीया, उजवून टाका औंदा." पीक असं वाढलं की बघायला माणसं बांधावर येतात, पोरगी वाढली की घरच्यांची झोप उडते. दादांनी तिच्या हातात खुरपं दिलं. ती रडली नाही, पण माझं दप्तर रोज संध्याकाळी उघडून बघायची. पाचवीपासूनची तिची इंग्रजी तीन वर्षांची. तेवढ्यावर ती माझं पुस्तक वाचायची, आणि अडलं की मला विचारायची. मला बहुतेक वेळा येत नसायचं.

त्या पौषात ज्वारीची कणसं भरायला लागली होती. मालदांडीचं पीक, पाखरांची झुंबड. आम्ही दोघं माळ्यावर. ती गोफण फिरवायची आणि मी ते पाच शब्द घोकत बसायचो. थोड्या वेळानं तिनं गोफण खाली ठेवली.

"पाचांना एकच कसं रं? मग इंग्रजांनी पाच कशाला केलं?"

"सरांनी दिलंय."

"सर देतील. ह्यो ब्लूम म्हंजी?"

"फुलणे."

"मग त्येला बहरणं म्हण. आन् बर्जन?"

शाळेतल्या डिक्शनरीत मी बघितलं होतं. कोंब येणे असं काहीतरी होतं. ती म्हणाली, "मग फुटणं. लिंबाला पालवी फुटती तसं. प्रॉस्पर म्हंजी बरकत येणं. ते माणसाच्या घराचं, वैरणीचं न्हवं." मग तिनं विहिरीकडच्या वाफ्याकडं हात केला. तिथं पाटाचं पाणी मुरायचं, म्हणून ताटं पुरुषभर उंच, पानं काळीभोर हिरवी, आणि कणीस मात्र पोरगं मुठीत धरील एवढं. "ह्ये माजलंय. ह्याला काय म्हणत्यात तुझ्या इंग्रजीत?"

मला सांगता आलं नाही. पुढं मास्तर झाल्यावर कळलं की इंग्रजीत पीक 'रँक' वाढतं म्हणतात. आपल्याकडं पहिल्या नंबराला रँक म्हणतात, तो शब्द दिसायला असाच, पण वेगळा. दादांना सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती.

उरला थ्राइव्ह. पुस्तकात वाक्य होतं, त्याचा अर्थ असा की कोरड्या माळरानावरसुद्धा शेळ्या थ्राइव्ह होतात. अक्का ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचून गप्प बसली. खाली चिमण्या उतरल्या तरी तिचं लक्ष नव्हतं.

"माळावर शेळीची कसली आलीया भरभराट? तिथं ती बाभळीच्या शेंगा खाऊन उभी ऱ्हाती. ह्ये भरभराट न्हवं. जीव धरणं. रोप लावलं का दोन दिस माना टाकतंय, तिसऱ्या दिशी जीव धरतंय बघ. आन् मग वाढतंय."

संक्रांतीनंतर परीक्षा झाली. थ्राइव्हचा अर्थ विचारला होता. मी 'जीव धरणे' लिहिलं. पेपर हातात आला तेव्हा त्यावर लाल शाईची फुली, आणि वर्गात वाचून दाखवल्यामुळं झालेला हशा. घरी आलो तर अक्का शेणाच्या गोवऱ्या लावत होती. हात तसेच वर धरून तिनं विचारलं, "माझ्या शब्दाचं काय झालं?"

"बरोबर आला," मी म्हणालो.

तिचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्या उन्हाळ्यात, १९७१ साली, तिचं लग्न झालं.

बहात्तरचा दुष्काळ तिनं सासरी काढला. त्या गावाला विहिरीही नव्हत्या. तान्हं पोरगं कडेला घेऊन ती खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला तांबडी मिलो. मी भेटायला गेलो तेव्हा ओळखू आली नाही. उफाडा कुठल्या कुठं गेला होता. मला म्हणाली, "अभ्यास करतोस न्हवं?" आणि मिलोची भाकरी वाढली. तिच्यासाठी दुसरी नव्हती हे मला परत येताना कळलं.

मी शिकलो, इंग्रजीचाच मास्तर झालो. पोरांना शब्द शिकवताना मी कंस कधी काढला नाही. गाजर गवत दाखवून प्रोलिफरेट सांगायचो. एका झाडाला हजारो बिया, बघता बघता पडीक रान भरून टाकतं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते इकडं आलं असं सांगतात. मशरूम हा इंग्रजीत धातूही आहे, तो सांगायला आर्द्राचा पाऊस पुरे. रात्री वारुळाजवळ काही नसतं आणि सकाळी अळंब्या. फ्लरिशच्या पोटात लॅटिनमधलं फूल आहे, हे सांगितलं की पोरं फ्लॉवरची भाजी आठवून हसायची.

रिटायर होण्याच्या दोन-तीन वर्षं आधी एका कॉलेजच्या लायब्ररीत शब्दांची मुळं देणारा एक जाडजूड कोश हाताला लागला. सहज थ्राइव्ह काढला. हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, आणि तिथं त्याच्या मुळाशी अर्थ आहे पकडणे, घट्ट धरणे. स्वतःशी धरून ठेवणे. मी ते पान तीनदा वाचलं. माळ्यावर गोफण खाली ठेवून बसलेली पोरगी आठवली, आणि माझा तो पेपरही.

त्या रविवारी एसटीनं अक्काकडं गेलो. ती परसात कांद्याची रोपं उपटून जुड्या बांधत होती. मी तिथंच बसून सगळं सांगितलं. तो शब्द, नॉर्स लोक, धरून ठेवणं. म्हटलं, "अक्का, तू बरोबर होतीस. सरांनी उगाच मार्क कापला."

ती जुडी बांधायची थांबली.

"मार्क कापला व्हता?"

मी काही बोललो नाही. तिनं दातात धरलेली सुतळी काढली, जुडीला गाठ मारली आणि टोपलीत टाकली.

"आन् मी त्या दिवशी साऱ्या गल्लीला सांगत हिंडले," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ऊठ, ऊन लागंल. च्या टाकते."