आवडतें पात्र आणि नावडतें पात्र

महाभारतांतील कोणतें पात्र अधिक आवडतें, असें सुशिक्षित मराठी कुटुंबांत विचारिलें असतां बहुधा 'कर्ण' हेंच उत्तर मिळतें. बोरिवलीच्या आमच्या घरांतहि तसेंच आहे. मुलांच्या पिढीनें शिवाजी सावंतांचें 'मृत्युंजय' (१९६७) आणि रणजित देसाई यांचें 'राधेय' (१९७३) वाचून हें मत बनविलें. नातवंडांनीं, १९८८ सालीं सुरू झालेली दूरदर्शनवरील मालिका २०२० च्या टाळेबंदींत पुन्हां लागली तेव्हां ती पाहून.

आम्हांस मात्र मूळ ग्रंथ सोडवत नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून जी चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, तींत सूतपुत्रास वरण्यास द्रौपदीनें दिलेला तो प्रसिद्ध नकार मूळ संहितेंत घेतलेला नाहीं. उलट, भर सभेंत तिचें वस्त्र हिरावून घेण्याची आज्ञा दुःशासनास कर्णच देतो, हें तेथें कायम आहे. कर्णाचें दातृत्व थोर खरें. परंतु ही आज्ञा विसरून त्यास हृदयीं धरणें आम्हांस जमत नाहीं.

आमचें आवडतें पात्र विकर्ण. द्रौपदीच्या प्रश्नावर भीष्म-द्रोणांसारखे वडील निरुत्तर झाले असतां शंभर कौरवांपैकीं हा एक तरुण उठला. युधिष्ठिर आधीं स्वतःस हरला होता. द्रौपदी एकट्या त्याची पत्नी नव्हती. पणाची सूचनाहि शकुनीची. सबब ती जिंकली गेली नाहीं, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. त्यास पोर म्हणून झिडकारतांनाच कर्णाच्या मुखांतून ती आज्ञा निघाली. पुढें विकर्ण भावांच्याच बाजूनें लढला आणि भीमाच्या हातून मेला. त्यानें पक्ष सोडावयास हवा होता, असें कोणी म्हणेल. तथापि परक्याच्या दोषावर बोलणें सोपें असतें. आपल्याच पंक्तींत बसून थोरल्या भावाविरुद्ध बोलण्यास जें धैर्य लागतें, तें त्यानें दाखविलें.

नावडतें पात्र दुर्योधन नव्हे. तो आपला लोभ लपवीत नाहीं. आम्हांस अप्रिय आहे तो धृतराष्ट्र. विदुराची नीति तो रात्रभर ऐकतो, पटली म्हणतो, आणि दुर्योधन जवळ आला कीं बुद्धि फिरते अशी कबुलीहि देतो. द्यूताच्या वेळीं मात्र, जिंकलें काय, जिंकलें काय, असें हर्षानें विचारीत बसतो. त्याचें आंधळेपण दैवाचें. हें मौन त्याचें स्वतःचें.

वाचकहो, एकत्र कुटुंबाच्या वडीलधाऱ्यास हें पात्र फार जवळचें आहे. आमच्या जुन्या इमारतीच्या जागीं नवी उभी राहत आहे. तेथील जागा आमच्या पश्चात् कोणाची, याचा मसुदा थोरल्या चिरंजीवांनीं करून आणिला. त्यांत धाकट्याचें नांव नव्हतें. सर्व मंडळी गप्प होती. थोरल्यांचीच पंधरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, काकांचा वाटा कोठें आहे?" तिला अभ्यासास जाण्याचा हुकूम झाला. आम्हीं तिला बसवून घेतलें आणि प्रश्न पुन्हां विचारावयास लाविला.

मसुदा आमच्या मेजावर आहे. त्या प्रश्नाचें उत्तर त्यांत आल्यावांचून त्यावर आमची सही व्हावयाची नाहीं.