कुंडीतल्या पट्टीवरचा आकडा



सांगलीहून न्यू जर्सीला आले त्या पहिल्याच वर्षी कढीपत्त्याचं रोप आणलं. आमच्याकडे कांदा-लसूण नाही, त्यामुळे फोडणीचा सगळा जीव कढीपत्त्यात. उन्हाळाभर ते मागच्या दारी छान फुटलं. थंडी सुरू झाली तेव्हा वाटलं, ऊन तर पडतंय, राहू दे बाहेर. एका रात्री बादलीतलं पाणी गोठलं. सकाळी पानं काळी पडून लोंबत होती. मग खोडही वाळलं.

आईला फोनवर सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, "अगं, एकेंद्रिय असला तरी जीवच तो. घरी आणलास, तर सांभाळायला नको?" त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले, तर डोळ्यांपुढे तेच रोप.

कुंडीत खोचलेली पट्टी मी तेव्हा कुठे नीट वाचली. 'झोन ९ ते १२.' मला तो कुंडीचा नंबर वाटला होता!

अमेरिकेच्या कृषी खात्याने थंडीप्रमाणे देशाचे १३ झोन पाडलेत. वर्षातल्या सर्वांत थंड रात्री पारा किती उतरतो, त्याच्या ३० वर्षांच्या सरासरीवरून झोन ठरतो. २०२३ चा नकाशा १९९१ ते २०२० च्या नोंदींवर आहे. झिप कोड टाकला की आपला झोन कळतो. आमचा ७, म्हणजे उणे १८ ते उणे १२ सेल्सिअस. झोन ९ मध्ये उणे ७ ते उणे १. कढीपत्ता बाहेर कसा टिकणार?

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही सरासरी आहे, एखादं वर्ष जास्त कडक निघतं. आणि कुंडीतल्या मुळांना जमिनीतल्यापेक्षा जास्त थंडी लागते. दुसरं, झोन बघायचा तो हिवाळा काढणाऱ्या झाडांसाठी. भेंडी, टोमॅटो एका हंगामाचे. त्यांना वसंतातलं शेवटचं हिमकण कधी पडतं ते बघायचं. मी मेच्या मध्यानंतरच लावते. पुदिना मात्र थंडीत वाळला तरी उपटू नका, मुळातून पुन्हा फुटतो.

आता दुसरा कढीपत्ता आहे. सप्टेंबर संपायच्या आत तो दक्षिणेच्या खिडकीत येतो.

परवा रोपवाटिकेत मोगरा दिसला. कळ्यांनी भरलेला. मन फार झालं. पट्टी उलटून पाहिली: झोन ९. खिडकीत जागा एकाच कुंडीची आहे. वास घेतला आणि परत जागेवर ठेवला.